अर्धा कप

२०२५ साली गटारी गुरुवारी आली, २४ जुलैला. गुरुवार म्हणजे कुणाचा उपास, कुणाचं वशाट बंद; त्यामुळे ज्यांना मनापासून करायची होती त्यांनी ती बुधवारी रात्रीच उरकून घेतली. बुधवारी संध्याकाळी भाजी आणायला निघालो, तर चिकनच्या दुकानापुढची छत्र्यांची रांग पार औषधाच्या दुकानापर्यंत गेलेली. पलीकडच्या वाइन शॉपपुढे रांग वगैरे नव्हतीच, हात वर करून नोटा नाचवणारा नुसता घोळका होता. मी आता रस्ता बदलत नाही. पहिली पाचेक वर्षं बदलायचो. आता सरळ समोरून जातो, आणि खरं सांगायचं तर जाताना मान जराशी ताठच होते. एकोणीस वर्षं झाली. तो घोळका बघून मनात जे काही भरून येतं त्याला मी इतकी वर्षं कृतज्ञता म्हणत आलो. दुसऱ्या दिवशीच्या गुरुवारपासून त्या शब्दाची तेवढी खात्री वाटेनाशी झाली आहे.

आमची मीटिंग दर गुरुवारी सातला, डोंबिवलीतल्या एका प्राथमिक शाळेत तळमजल्यावरच्या वर्गात भरते. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे बोलण्यातलं एए. जाहीरपणे स्वतःचं नाव न लावण्याची आमच्यात परंपरा आहे, म्हणून या लेखावर माझं नाव नाही. वर्ग दुसरीचा. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता, बाराखडी, कुणीतरी कापूस चिकटवून केलेला ससा. बाक इतके बुटके की साठीची माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली असतात. पावसाळ्यात त्या खोलीला खडूचा, ओल्या सतरंजीचा आणि दुपारच्या खिचडीचा मिळून एक वास येतो. त्या वासात आम्ही एकेकजण उठून नाव सांगतो आणि पुढे म्हणतो, मी बेवडा आहे. शब्द ज्याचा त्याचा. कुणी अल्कोहोलिक म्हणतं, कुणी दारुडा. मी शाळेत मराठी शिकवायचो, त्यामुळे सुरुवातीची दोन वर्षं ‘मद्यपी’ म्हणायचो. बेवड्यावर यायला वेळ लागला.

त्या दिवशी मुख्य वक्ता मीच होतो. विषय मीच सुचवलेला : कृतज्ञता. चहाची सेवा ज्याच्याकडे होती तो ठाण्याला अडकला, गाड्या उशिराने धावत होत्या, म्हणून किटली मी उचलली. वक्त्यानं चहा वाटायचा म्हणजे नम्रतेचा पाठच की, असं मनातल्या मनात म्हणतसुद्धा असेन. शेवटच्या बाकावर एक नवा मुलगा होता. मुलगा म्हणजे पस्तिशीचा. कंपनीचं ओळखपत्र फीत गुंडाळून शर्टाच्या खिशात कोंबलेलं. त्याची आई बाहेर व्हरांड्यात, चपला ठेवायच्या फळीवर बसलेली. मी कागदी कप काठोकाठ भरून त्याच्यापुढे धरला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि घेताघेताच निम्मा चहा मनगटावरून बाकावर, बाकावरून पँटवर. त्यानं हसल्यासारखं केलं. कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, हात मांड्यांखाली दाबून बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “चहावाले, अर्धाच द्यायचा ना.”

चहावाले.

मला झोंबलं. तेवढ्यात मला पुढे बोलावलं गेलं. मी चाळीस मिनिटं बोललो आणि चांगलं बोललो. मला बोलता येतं. वर्गात पंचेचाळीस पोरांना गप्प ठेवणारा आवाज आहे माझ्याकडे, आणि कुठे थांबलं की समोरच्यांचे डोळे भरतात हे मला ठाऊक आहे. बायकोनं काय काय सोसलं ते सांगितलं, दोन ठिकाणी आवाज दाटला, टाळ्या झाल्या. बसताना मागे बघितलं तर शेवटचा बाक रिकामा होता. खिडकीच्या कट्ट्यावर कप तसाच होता. चहावर साय धरलेली, कडेनं पावसाचे थेंब पडत होते.

घरी जाताना रिक्षात बराच वेळ ‘चहावाले’ हा शब्दच चघळत होतो. एकोणीस वर्षं दारूला शिवलेला नाही, आजचा वक्ता, सेवानिवृत्त शिक्षक, आणि हा मला… असं. पण पुलावर रिक्षा अडकली तेव्हा लक्षात आलं की सलतंय ते ते नाहीच. सलतोय तो त्याच वाक्याचा दुसरा तुकडा. अर्धाच द्यायचा ना. ती त्याची तक्रारही नव्हती. जे कुणालाही कळायला हवं ते मला कळलं नाही, एवढंच तो सांगत होता. आणि त्या खोलीत ते ज्याला कळायलाच हवं होतं असा माणूस मी होतो.

२००६ च्या मार्चमध्ये मी त्याच शाळेत, त्याच्या शेजारच्या वर्गात पहिल्यांदा गेलो. गेलो म्हणजे मेहुण्यानं आणून सोडलं. सकाळचा उतारा बायकोनं घेऊ दिला नव्हता, त्यामुळे संध्याकाळपर्यंत हात असे झाले होते की शर्टाचं बटणसुद्धा तिनंच लावलं. तेव्हा काचेचे ग्लास होते, कटिंगचे. चहा वाटणारा माणूस सत्तरीकडे झुकलेला, पांढरा लेंगा, वर स्वेटर. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. मूळचे मालवणकडचे, लालबागच्या गिरणीत साचेवाले, ८२ च्या संपात नोकरी गेली आणि संपाआधीपासून जी होती ती दारू तेवढी राहिली. अण्णा माझ्यापुढे आले, माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघितलं, आणि ग्लासात दोन बोटं चहा ओतला. फक्त दोन बोटं. मला वाटलं कंजूस आहे म्हातारा. मी तो एका घोटात संपवला, सांडला नाही. अण्णा तिथंच उभे. पुन्हा दोन बोटं. असं चार वेळा. म्हणाले, “अर्धोच घी मास्तरा. उरलेलो मी धरून आसंय.” बाकी कुणी बघत नव्हतं. आज मला वाटतं, सगळ्यांनी ठरवून बघितलं नाही.

हे हात का थरथरतात ते पुढे कळलं. दारू मेंदूचा ब्रेक दाबून धरते. रोज दाबून धरला की मेंदूही हट्टाला पेटतो, ॲक्सिलरेटर तेवढाच दाबतो, आणि गाडी चालते आहे असं वाटत राहतं. मग एक दिवस ब्रेकवरचा पाय निघतो. सहा-आठ तासांत हात उडायला लागतात, घाम फुटतो, कुणी दार वाजवलं तरी छातीत धस्स होतं. कुणाकुणाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या दिसतात, मेलेली माणसं दिसतात, झटके येतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्यानं ‘आजपासून बंद’ म्हणून घरात कोंडून घेऊ नये, डॉक्टर लागतो, तो याचसाठी. आपल्याकडे सरळ म्हणतात, भुतानं धरलं. मी स्वतः हे पाठ असल्यासारखं दहा ठिकाणी सांगितलं आहे. सांगता येतं आणि तरी समोरच्या माणसाच्या हातात काठोकाठ भरलेला कप देता येतो. दोन्ही एकाच माणसाला जमतं.

आमच्या चळवळीचा जन्मच एका थरथरत्या हातापासून झाला असं मला आता वाटतं. १९३५ साल, अमेरिकेतलं ॲक्रन नावाचं गाव. डॉ. बॉब म्हणून ओळखला जाणारा सर्जन आदल्या दिवसांत भरपूर पिऊन परतलेला, आणि त्याला शस्त्रक्रिया करायची होती. हात हलत होते. बिल, म्हणजे नुकताच दारूतून सुटलेला न्यूयॉर्कचा शेअर दलाल, त्याला गाडीतून हॉस्पिटलला घेऊन गेला आणि हात स्थिर राहावेत म्हणून त्यानं त्याला बिअरची एक बाटली दिली. ती डॉ. बॉबची शेवटची दारू. तो दिवस १० जून, आम्ही तोच एएचा स्थापना दिवस मानतो. भाषण संपवण्यासाठी ही गोष्ट फार उपयोगी पडते, पण मला त्यातला पुढचा भाग जास्त आवडतो. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर कित्येक तास घरी परतलाच नाही. घरच्यांना वाटलं, गेला पुन्हा. तो गेला होता ज्यांचं देणं होतं, ज्यांना तोंड चुकवत होता, त्यांच्या दारोदार. बाटली देणाऱ्या बिलचंही मला नवल वाटतं. दारू सोडवायला आलेला माणूस आपल्या हातानं बाटली देतो, कारण त्याला समोरचे हात दिसत असतात.

माझ्याही हातांच्या आसपास बरंच काही चालू होतं, ते मला दिसलं नव्हतं. नववीच्या वर्गाचा एक मॉनिटर होता, बारीक अंगाचा, अक्षर मोत्यासारखं. मी फळ्याकडे वळलो की तो उठायचा : “सर, मी लिहितो.” तारीख, वार, सुविचार, धड्याचं नाव, सगळं तोच लिहायचा. मला कौतुक वाटायचं. पालकसभेत त्याच्या बापाला म्हणालोही होतो, मुलाला लिहिण्याची आवड आहे. पाचसहा वर्षांपूर्वी तो मला ठाण्याच्या फलाटावर भेटला. मिशी, बॅग, पोट. पाया पडला. मी त्याला अक्षराबद्दल विचारलं तर जरा घुटमळला. म्हणाला, “सर, तुम्ही ‘श्र’ काढायला गेलात की खडू मोडायचा. मागची पोरं हसायची. म्हणून.” एवढं बोलून त्यानं गाडी आली म्हणून निरोप घेतला. चौदा वर्षांच्या मुलाला कळलं होतं. त्यानं ते स्टाफरूमपर्यंत जाऊ दिलं नाही, बापाला सांगितलं नाही, आणि मी त्याला बक्षीस म्हणून शुद्धलेखनाची वही दिली होती.

आणखी एक. त्याच आठवड्यात, २६ जुलैला, महापुराला वीस वर्षं झाली. वर्तमानपत्रांत पुन्हा तेच फोटो, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. त्या दिवशी दुपारी शाळा सोडली. पोरांना पोचवून बाकीचे शिक्षक रुळांवरून चालत निघाले. मी निघालो नाही. स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर एक बार होता, तिथं मेणबत्त्या लावून आम्ही सात-आठजण बसलो. खाली पाणी चढत होतं आणि आम्हाला सुट्टी मिळाल्यासारखं झालं होतं. माझ्या पाकिटात तेव्हा परवानाही असायचा. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो आणि कायद्याच्या भाषेत तो प्रकृतीस्वास्थ्य राखण्यासाठी दिला जातो. त्या रात्री मी प्रकृती राखत होतो. दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत निघालो. वाटेत झोपडपट्टीतल्या बायका पातेली घेऊन उभ्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा आणि पारले देत होत्या. त्यांच्या स्वतःच्या घरातलं पाणी अजून उतरलं नव्हतं. एकीनं माझा हात बघून ग्लास माझ्या तोंडाला लावला. “थंडीनं गारठलात काका,” म्हणाली. मी हो म्हटलं. घरी पोचलो तर बायकोनं चाळीत साखर वाटली. मी सुखरूप आलो म्हणून. त्या साखरेतली चिमूटभर मीही खाल्ली. त्यानंतर आठ महिने पीत होतो.

मीटिंगमध्ये मी पुराची गोष्ट सांगतो. साखरेवर थांबतो. ग्लास तोंडाला लावणारी बाई त्यात कधी आली नाही. ती मला त्या गुरुवारी रिक्षात आठवली.

पहिल्या मीटिंगनंतरही मी महिनाभर प्यालोच. मग अण्णा आणि दोघंजण मला पुण्याच्या गाडीत बसवून मुक्तांगणला, तिथल्या व्यसनमुक्ती केंद्रात, घेऊन गेले. तिथं पस्तीस दिवस. १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी ते केंद्र सुरू केलं, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीमुळे ते उभं राहू शकलं, हे मला तिथं कळलं. पुलंचा पाठ मी वर्गात शिकवला होता. कुठल्या अवस्थेत शिकवला होता ते सांगायला नको. मुलं हसायची, आणि ती पाठाला हसताहेत की मला, याची तेव्हा खात्री नसायची. ज्यानं मुलांना हसवायचं सामान दिलं त्याच्याच पैशांनी उभारलेल्या जागेत मी पलंगाची चादर ओढून कुडकुडत पडलो होतो. देणाऱ्यांना माझं नाव कळण्याचा प्रश्नच नव्हता. २००० सालीच पु. ल. गेले होते. आभार मानायला कुणी समोर नाही, अशा उपकारांची माझी यादी तिथून सुरू झाली. तिथं सकाळी सगळ्यांना झाडलोट असायची. माझ्या वाट्याला जिना आला. जिना वरून खाली झाडायचा असतो हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी एका एकोणीस वर्षांच्या गर्दुल्ल्यानं शिकवलं.

नम्र वगैरे मी तेव्हाही झालो नव्हतो. परत आल्यावर एएचं मराठी पुस्तक हातात पडलं, तर पहिलं काम काय केलं असेल? लाल पेन घेऊन शुद्धलेखन तपासलं. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, एक-दोन ठिकाणी वाक्यरचना. बारा पायऱ्यांपैकी सातवी नम्रपणे मागणं मागण्याची आहे. त्या पानावर मी ‘नम्र’ला अधोरेखित करून समासात ‘पुनरुक्ती’ असं लिहिलं होतं. अण्णांनी ते पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. म्हणाले, “पुस्तकातल्यो बऱ्यो काढलंस रे मास्तरा. आता तुझ्यो काढ.” आणि किटली माझ्या हातात दिली. वर्षभर चहा मीच वाटला. कोण नवा, कोण घसरून परत आलाय, कुणाला दोन बोटं, कुणाला पूर्ण, हे मला सांगावं लागायचं नाही. हात आपोआप थांबायचा. मग मी बरा बोलतो असं सगळ्यांच्या लक्षात आलं. कल्याण, उल्हासनगर, एकदा नाशिक. किटली दुसऱ्याकडे गेली. अण्णा २०१७ मध्ये गेले, तेव्हा स्मशानातही मीच बोललो.

त्या गटारीच्या रात्री घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. ही भांडी पुसत होती. मी भाषणातला भाग सांगायला लागलो तर म्हणाली, “ते राहू द्या. तिथं तुम्ही माझं नाव काढून फार छान रडता असं ऐकलंय.” अल-अनॉनला, म्हणजे आमच्या घरच्यांच्या मीटिंगला, ती वीस वर्षांत माझ्यापेक्षा कमी चुकली आहे; तिच्या कानावर सगळं येतं. मग मी चहाचं सांगितलं, काठोकाठ भरलेल्या कपाचं. ती थांबली. फडकं खांद्यावर टाकून म्हणाली, “मी तुम्हाला चहा कशात द्यायचे आठवतं?”

मला आठवेना.

“वाडग्यात. खिरीच्या. कप दिला की सांडायचात आणि सांडलं की कप फेकायचात. म्हणून वाडगा, तोही निम्मा. पोरगी म्हणायची, बाबांना मांजरासारखं देतेस.” असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही. मी डोकं ताणून ताणून आठवलं. खिरीचे वाडगे आठवले, स्टीलचे, कडेला नाव कोरलेले. त्यातून मी चहा प्यालो हे काही केल्या आठवलं नाही. ती सांगेल म्हणून खरं मानायचं. मग तिनं आणखी एक सांगितलं, जे वीस वर्षांत सांगितलं नव्हतं. लेडीज डब्यात जाहिरातीचं स्टिकर असायचं, ‘दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत’. तिनं तिथला नंबर उतरवून पुड्या मागवल्या होत्या. डाळीत घालायच्या. एक पुडी फोडून ती डाळीच्या पातेल्यापाशी किती वेळ उभी होती म्हणाली, आणि मग सगळ्या मोरीत ओतल्या. का, ते तिलाही नीट सांगता आलं नाही. “तुम्ही आधीच निम्मं आयुष्य नकळत काढत होतात,” एवढंच म्हणाली. अशा पुड्यांत काय असतं ते कुणी लिहीत नाही. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायला देतात ते औषध, असलं आणि त्यावर माणूस प्याला, तर रक्तदाब कोसळून जाऊही शकतो. मी तर त्यावर नक्कीच प्यालो असतो. म्हणजे ज्या दिवशी मी एखादे वेळी मेलो असतो, त्या दिवशी मी डाळभात जेवून झोपलो. डाळीत मीठ कमी आहे असंही म्हणालो असेन.

आठवीला मी कृतज्ञ आणि कृतघ्न ही जोडी शिकवायचो. केलेलं जाणतो तो कृतज्ञ, केलेलं मारून टाकतो तो कृतघ्न. परीक्षेत हमखास दोन मार्क. तेव्हा वाटायचं, दोन्ही शब्दांत माणूस तोच, नियत वेगळी. आता वाटतं, मधे एक तिसरा माणूस असतो, त्याला शब्दच नाही. केलेलं ज्याला कळलंच नाही तो. माझ्याबाबतीत जे जे केलं गेलं त्यातलं निम्मंअधिक मी हजर नसताना केलं गेलं. म्हणजे मी तिथंच होतो, दोन फुटांवर, लाळ गाळत. मला सांगितलं गेलं तेवढंच मला माहीत. बाकीचं अजून कुणाकुणाकडे असेल. बँकेतला तो कॅशियर, जो सही जुळत नसतानाही एकदा माझ्या तोंडाकडे बघून शिक्का मारायचा. माझे तास गपचूप घेणाऱ्या बाई. आणि मी व्यासपीठावरून म्हणत होतो, मी सगळ्यांचा कृतज्ञ आहे. सगळ्यांचा म्हणजे कुणाकुणाचा, असं एकदाही कुणी विचारलं नाही, नाहीतर मला चार नावांपुढे जाता आलं नसतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मास्तर, एका कपाचं एवढं काय. मीही स्वतःला तेच सांगून बघितलं. एकोणीस वर्षं दारू न पिणं ही काही लहान गोष्ट नाही आणि मी ती लहान करणार नाही. जे खोट्या विनयानं तसं करतात त्यांचा मला कंटाळा येतो. पण त्या पोराचा चहा माझ्या हातून सांडला तेव्हा माझे हात अगदी स्थिर होते. इतके स्थिर की थरथरणं म्हणजे काय ते त्यांना आठवेना. बरं होण्यात हे असंही काही होत असेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा अण्णांनी सांगितलं असेल आणि मी त्यांचं व्याकरण तपासत असेन.

पुढच्या गुरुवारी मी सेक्रेटरीकडून किटली मागून घेतली. त्याला वाटलं मी रुसलोय. भाषण नको म्हटलं, त्यावर दोघांनी समजूतही काढली. मुलगा आला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. मी आपला सगळ्यांना अर्धा अर्धा कप देत होतो, तर आमच्यातला एक रिक्षावाला म्हणाला, “काय सर, दूध महागलं काय?” मी काही बोललो नाही. बोलायची सवय मोडायला चहा वाटणं हे काम चांगलं आहे. दोन्ही हात गुंतलेले असतात.

२८ ऑगस्टला दीड दिवसाचे गणपती जायचे होते. रस्ताभर ताशे, गुलाल, ट्रॅफिक बंद. मीटिंगला आम्ही पाचच जण. वर्गात कुणीतरी मुलांनी केलेला शाडूचा गणपती खिडकीत वाळत ठेवलेला, एक कान पडलेला. प्रार्थना झाली आणि मी किटली घेऊन उठलो, तर दारात त्या मुलाची आई. एकटीच. पदर डोक्यावरून घेतलेला, पायात ओल्या चपला, हातात प्रसादाची पिशवी. आत यायचं की नाही ते ठरत नव्हतं.

“तो नाही येत म्हणाला,” ती म्हणाली. “मी बसले इथं तर चालेल का? घरी नुसतं बसवत नाही.”

मी चपलांच्या फळीवरून तिला आत आणलं, पहिल्या बाकावर बसवलं. अल-अनॉनच्या मीटिंगचा वार आणि पत्ता बायकोच्या फोनवरून लिहून देतो म्हणालो. ती मान हलवत होती, पण ऐकत नव्हती. बाहेरून मिरवणूक चालली होती, खिडकीची काच ताशाबरोबर हलत होती. मी कप घेतला, सवयीनं निम्मा भरला, आणि सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

तिनं कपात बघितलं. मग माझ्याकडे.

“भरा की पूर्ण,” म्हणाली. “माझे हात नाही थरथरत.”